रिकाम्या गाडीचं वजन

निहारनं वहीच्या मागच्या पानावर नऊ घरं आखली.
रविवारी गच्चीवर त्यांचा खेळ असतो, चार पोरं,
वीस पैलूंचा एक फासा आणि भडंगाची पुडी.
कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी नुसताच चोर,
पण आधी ठरवायचं असतं म्हणे, तो आहे कसा.
आडवं: नेमाचा, अधलामधला, मोकाट.
उभं: भला, अधलामधला, वाईट.
त्याचे शब्द इंग्रजी होते. हे माझे.

"आई, आपल्या गल्लीतली माणसं बसव की यात."
मी मार्केट यार्डात काट्यावर बसते, एकोणीस वर्षं झाली.
पाटीवर धर्मकाटा असं लिहिलंय.
म्हटलं, आण पेन्सिल.

पहिल्या घरात भूपाल आरवाडे, गोदामाचे दिवाणजी.
दिवस मावळल्यावर घास नाही,
सुट्या दोन रुपयांसाठी गिऱ्हाइकामागं धावणारे.
लीलावती गुरव मोकाट, पण भली:
कुणाच्याही भांडणात पडते, कुणाच्याही बाळंतपणात रात्र काढते,
आणि उसनं नेलेलं पातेलं अजून तिच्याकडंच आहे.
पतसंस्थेचे कुपवाडे, त्यांचं घर मी न विचारता दाखवलं.
कायद्याबाहेर एक पाऊल नाही,
आणि आत राहूनच त्यांनी माझ्या भावाची चक्की नेली.
अगदी मधल्या घरात माझा नवरा.
तो म्हणाला, मला कशाला,
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

"आणि दस्तगीरकाका?"

महापुराच्या साली आम्ही एकवीस जण
गावभागातल्या त्या गोदामाच्या दारात, पाणी मांडीला.
निहार माझ्या खांद्यावर, सात वर्षांचा.
आरवाडे किल्ली घेऊन उभे.
मालकाची परवानगी नाही, फोन लागत नाही,
आत दुसऱ्यांची हळद, साडेतीनशे पोती.
रडत होते. मूठ उघडत नव्हते.
दस्तगीर मुजावरनं टेम्पोतली टॉमी आणली,
कडी उचकटली,
पोत्यांवर पोती रचून एकेकाला माळ्यावर चढवलं,
आरवाड्यांना शेवटी, उचलून.
तीन रात्री. सगळे पिवळे,
एकाच मांडवातली वऱ्हाडं असल्यागत.

महिन्यानं मोजणी झाली. भिजलेली धरूनही सोळा पोती कमी.
दस्तगीरच्या टेम्पोला चार नवे टायर.
आरवाड्यांनी भरपाई पगारातून केली, दोन वर्षं,
आणि कुणाचं नाव घेतलं नाही.

"मग कुठं लिहू?"
रेघेवर लिही.
"रेघेवर घर नसतं, आई."

मग मी त्याला काट्याचं सांगितलं.
आधी भरलेली गाडी, मग उतरवून रिकामी,
एकातून दुसरं वजा, उरतो तो माल.
माणूस रिकामा होऊन कधी काट्यावर येत नाही.
आपण भरलेलाच आकडा वाचतो
आणि त्यालाच म्हणतो, हा असा.
निहार म्हणाला, हे नियमांच्या पुस्तकात नाही.
फासा घरंगळत कपाटाखाली गेला होता,
तो झाडूनं काढताना त्यानं विचारलं,
"बरं, तू कुठं?"

कुकरची शिट्टी झाली. मी उठले.

गेल्या फाल्गुनात दस्तगीरची गाडी काट्यावर आली.
भरलेली होती तेव्हा तो केबिनमध्ये बसून होता.
रिकामी आली तेव्हा खाली उतरून विडी ओढत उभा.
म्हणजे पावतीवर सत्तर किलो हळद,
जी कुठल्याच शेतात पिकली नव्हती.
ही युक्ती मी पहिल्याच वर्षी शिकले.
रोज ओरडते, ए, उतर खाली.

माळ्यावर त्यानं निहारला शर्टाच्या आत धरलं होतं, तिन्ही रात्री.

त्या दिवशी खिडकीची काच धुळीनं भरली होती.
मी पुसली नाही.
पावती फाडून दिली.